एका खिडकीवरची गर्दी

मोजणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गेली वीस वर्षे मी गोंदियातल्या एका बँकेत बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतो, आणि त्याबद्दल महिन्याच्या अखेरीस मला जे पैसे मिळतात ते मोजायला मात्र फारसा वेळ लागत नाही. बी.कॉम.ला आम्हाला संख्याशास्त्र होते. त्यातले सरासरी, मध्यक आणि बहुलक हे तिघे भाऊ परीक्षा संपताच मला सोडून गेले ते पुन्हा भेटले नाहीत. पण कॅशच्या काउंटरने एक धडा असा शिकवला की तो काही केल्या विसरत नाही. आकडा खोटे बोलत नाही. त्याला जेवढे विचारावे तेवढ्याचेच तो उत्तर देतो. त्याचा स्वभाव थेट सरकारी कचेरीतल्या बाबूसारखा. तुम्ही खिडकी नंबर तीनवर उभे राहिलात तर तो तीन नंबरचेच सांगणार. चार नंबरवर काय चालले आहे हे माहीत असले तरी सांगायचा नाही, आणि पाच नंबरची खिडकी पलीकडच्या इमारतीत हलवली आहे हे तर तुम्हाला जेवणाची सुटी झाल्यावरच कळायचे.

हे सारे सांगायचे कारण आमचा पुतण्या. तो बारावीला आहे, म्हणजे घरातल्या सर्वांनी त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे असते. एका रविवारी तो तोंड पाडून बसलेला दिसला.

"काय झालं रे?"

"काका, गेम मरून राहिला."

घरात कोणी गेल्याची बातमी सांगावी तसा त्याचा सूर होता. मीही खुर्ची जवळ ओढून विचारले, "कशानं?"

"पीसीवरचे प्लेअर कमी होऊन राहिले ना. सहा महिन्यांत अर्धे झाले. डेड गेम हाय आता."

"तुझ्याकडे पीसी आहे?"

"नाही."

"तुझ्या मित्रांकडे?"

"एकाकडे हाय. पण तो त्याच्या बाबाचा हाय. त्याच्यावर नुसती टॅलीच चालते."

म्हणजे पाहा. सात मुले, सातही जण मोबाइलवर खेळणारी, संगणकावर त्यांनी तो खेळ उघडूनही पाहिलेला नाही, आणि संगणकावरची हजेरी पाहून त्यांनी खेळाला मृत घोषित केले. नागपूरच्या नोंदवहीत कोणाचे तरी नाव वाचून गोंदियात तेराव्याच्या पंगती बसवण्यातलाच हा प्रकार. खेळाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. उद्या तो पुन्हा जिवंत झाला तर मयताच्या यादीतून नाव काढून घेणे किती कठीण असते, हे पेन्शन खात्यात काम केलेल्यांना ठाऊक आहे.

इथवर सगळी गंमतच होती. पण सातांपैकी सहा जण उठून दुसऱ्या, नव्या खेळाकडे गेले. सातवा जाऊ शकला नाही. त्याचे वडील राईस मिलमध्ये रात्रपाळीला असतात. घरात फोन एकच. वडील आठला कामावर निघेपर्यंत, म्हणजे संध्याकाळी सहा ते आठ, तो फोन त्याचा. त्या जुन्या फोनला नवा खेळ पेलवत नाही. तेव्हा खेळ काही मेला नव्हता, त्याच्यापुरता तो मारला गेला होता. आणि पुरावा म्हणून जो आकडा दाखवला गेला त्यात हा मुलगा कधी मोजलेलाच नव्हता.

हा आकडा येतो कुठून, याचा मी शोध घेतला. संगणकावरच्या खेळांचे स्टीम नावाचे एक मोठे दुकान आहे. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने ते १२ सप्टेंबर २००३ रोजी उघडले. या दुकानाची खोड अशी की, या घटकेला कुठला खेळ किती जण खेळत आहेत तो आकडा ते सरळ दारावर लावून ठेवते. बाकीचे दुकानदार आपली वही गल्ल्याखाली दाबून बसतात. टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर, म्हणजे प्लेस्टेशन, निन्टेंडो वगैरेंवर, एकेका खेळाला या घटकेला किती जण बसले आहेत हे त्या कंपन्या सांगत नाहीत. मोबाइलचे प्ले स्टोअर फार तर 'इतके कोटी डाउनलोड' एवढे सांगते. त्यातल्या किती जणांनी आज फोन हातात घेतला आणि किती जणांनी तो खेळ केव्हाच पुसून टाकला, हे गुलदस्तात. मग लोक काय करतात? ज्या दुकानाची पाटी वाचता येते तोच सगळ्या बाजाराचा भाव, असे धरून चालतात.

आता थोडा इतिहास पाहू. घाबरू नका, सनावळ्या मोजक्याच आहेत. तात्पर्य एकच की, खेळणाऱ्यांची मोजणी प्रत्येक काळात कुठल्या तरी एकाच खिडकीवर झाली आहे.

पहिली खिडकी नाण्यांची. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात अटारी कंपनीने 'पाँग' नावाचे यंत्र ठेवले. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. कारागीर जाऊन पाहतो तो आत बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्यामुळे ते अडले होते. लोकप्रियतेचा इतका रोकडा पुरावा त्यानंतर कोणाला मिळाला नसेल. कॅशियर म्हणून मला त्या डब्याबद्दल नितांत आदर आहे.

दुसरी खिडकी कॅसेटींची. तिथे घोटाळा सुरू झाला, कारण कारखान्यातून निघालेला माल आणि गिऱ्हाइकाने घरी नेलेला माल यांत फरक असतो, हे फक्त वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवतात. १९८२ साली अटारीने 'ई.टी.' या चित्रपटावरून घाईघाईने एक खेळ काढला आणि त्याच्या लाखो कॅसेटी तयार केल्या. त्यातल्या ढिगाने पडून राहिल्या किंवा परत आल्या. १९८३मध्ये इतर नको असलेल्या मालाबरोबर त्या न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो इथे खड्ड्यात पुरल्या, आणि २०१४मध्ये लोकांनी त्या खणूनही काढल्या. कारखान्याच्या दारात उभे राहून मोजले असते तर हा खेळ विक्रमी ठरला असता!

याच्या नेमके उलट 'टेट्रिस'चे. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह याने तो संगणकावर बनवला आणि लोकांनी फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवून घेतला. कुठे विक्री नाही, पावती नाही. वहीत शून्य आणि प्रत्येक यंत्रावर तोच खेळ.

आमच्या गोंदियात हे सारे दहा-बारा वर्षे उशिरा, पण वाजतगाजत आले. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. कॅसेटवर ठसठशीत छापलेले असे, '९,९९,९९९ गेम्स'. आत खेळ चार. तेच चार खेळ नावे बदलून, कपडे बदलून पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहत. एकाच माणसाने निरनिराळ्या नावांनी खाती उघडण्याच्या प्रकाराशी माझी पहिली ओळख बँकेत झालेली नाही. ती 'काँट्रा'च्या कॅसेटवर झाली.

मग नोकिया आला. फिनलंडच्या तानेली आर्मांतो या अभियंत्याने केलेला साप १९९७ साली नोकियाच्या फोनमध्ये शिरला. २००३मध्ये आलेला नोकिया ११०० हा फोन पुढे जगात २५ कोटींच्या वर खपला. त्याला टॉर्च होता, त्यामुळे भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे तो फोन कमी आणि कंदील जास्त होता. त्यातही साप होता. लग्नात, मयतीत, रेल्वेच्या आरक्षणाच्या रांगेत आणि साहेब रजेवर असताना खुद्द बँकेतसुद्धा लोक साप वाढवत बसलेले मी पाहिले आहेत. ते कोणी मोजले? कोणीच नाही. फोन मोजले गेले, साप नाही.

त्याच सुमारास सायबर कॅफे निघाले. तासाला ठरलेले पैसे द्यायचे आणि लाकडी खोपटात बसायचे. प्रत्येक यंत्रावर 'व्हाइस सिटी' आणि 'काउंटर-स्ट्राइक' असायचेच. एक जण खेळे आणि पाठीमागे उभे राहून चौघे त्याला चुकीचे सल्ले देत. सीडी अर्थातच नकलेची. त्या मूळ कंपनीच्या खातेवहीत आमचे अख्खे गाव कधी जमा झाले नाही. तसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होण्याची आम्हाला सवय आहेच. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत आम्ही स्वतःसुद्धा भंडाऱ्यातच मोजले जात होतो.

आता खरा खटला. 'पब्जी' हे नाव ऐकले नाही असे घर आपल्याकडे नसेल. निदान आईच्या तोंडून शिवीसारखे तरी ऐकले असेलच. हा खेळ आधी संगणकावर, मार्च २०१७मध्ये आला. जानेवारी २०१८मध्ये स्टीमच्या दारावरच्या पाटीने विक्रम केला : एकाच वेळी ३२ लाखांहून अधिक खेळाडू! त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. मार्च २०१८मध्ये तोच खेळ मोबाइलवर आला. २०१६पासून इंटरनेट स्वस्त झालेलेच होते. बघता बघता पोरे जेवणाच्या ताटावरून उठू लागली. आणि मौज अशी की, त्याच वर्षी संगणकावरची पाटी उतरू लागली होती. वर्षअखेर ती विक्रमाच्या निम्म्याच्याही खाली आली. तिकडे आकडा उतरतो आहे आणि इकडे खेळ अंगात चढतो आहे. पाटीवर विसंबून एखाद्याने 'भारतीय मातांनो, निश्चिंत व्हा' असे पत्रक काढले असते, तर मातांनी त्याला लाटण्याने मोजले असते.

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ मोबाइल ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जीचा मोबाइल अवतार होता. बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या एका संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तोवर भारतात तो सुमारे साडेसतरा कोटी वेळा उतरवून घेतला गेला होता, म्हणजे जगातल्या एकूण आकड्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. ३० ऑक्टोबरला तो इथे खरोखरच थांबला. घरोघरी सुतक पडले. मात्र संगणकाचा खेळ बंदीच्या यादीत नव्हताच. तेव्हा एवढी मोठी जत्रा एका रात्रीत उठली, तरी संगणकाच्या पाटीला तिची दखल घेण्याचे काही कारणच नव्हते. जुलै २०२१मध्ये हाच खेळ नवे भारतीय नाव घेऊन आला, जुलै २०२२मध्ये पुन्हा अडवला गेला, मे २०२३मध्ये पुन्हा सुटला. एवढा जन्म-मृत्यूचा फेरा आमच्या पोरांनी सोसला. त्यातले काहीही पाहायचे असेल तर दुसऱ्या खिडकीवर जायला हवे होते.

आता तुम्ही म्हणाल, शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपल्यात म्हणतातच ना? होते. आम्ही धानाच्या मुलखातले लोक, आम्हाला शीत कोणी शिकवू नये. पण शीत ज्या भांड्यातले, परीक्षा त्याच भांड्याची. एका चुलीवरचे शीत चेपून दुसऱ्या चुलीवरचा भात उतरवला तर पंगतीला तांदूळ वाढायची पाळी येते. जो खेळ केवळ संगणकावरच खेळला जातो आणि त्याच एका दुकानातून मिळतो, त्याच्यापुरती ती पाटी उत्तम आहे. 'काउंटर-स्ट्राइक २'ची किंवा 'डोटा २'ची तब्येत तिथे नाडीसारखी लागते. नवा भाग आला की गर्दी वाढते, खेळ बिघडवला की ओसरते, हेही कळते. पण 'मारियो कार्ट ८ डिलक्स' घ्या : निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, संगणकावर तो आलाच नाही, म्हणून पाटीवर भोपळा. 'माइनक्राफ्ट'ने ऑक्टोबर २०२३पर्यंत ३० कोटींचा पल्ला ओलांडला. तो संगणकावर आहे, पण आपल्या स्वतंत्र दुकानातून, म्हणून इथे पुन्हा भोपळाच. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला 'राजी' ऑगस्ट २०२०मध्ये आधी स्विचवर आला आणि ऑक्टोबरात संगणकावर. मधल्या काळात कोणी पाटी पाहिली असती तर म्हणाला असता, पुणेकरांनी काही केलेच नाही. असे आजवर पुणेकरांना कोणी म्हणू शकलेले नाही.

आणि लुडो? 'लुडो किंग' हा नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीजचा, २०१६ सालचा. २०२०च्या टाळेबंदीत आमची आई आणि तिची बालाघाटची बहीण रोज दुपारी दोन वाजता फोनवर लुडो मांडून बसत. दोघींनीही आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही. त्या दोन वाजता मात्र घरात भूकंप झाला असता तरी त्या सहा पडल्याशिवाय उठल्या नसत्या. अशा देशभरच्या आया आणि मावश्या दिवसाला कोटींच्या घरात खेळत होत्या. त्यांना वगळून काढलेल्या यादीला 'लोकप्रिय खेळांची यादी' म्हणायचे असेल तर 'लोक' या शब्दाचा अर्थ बदलून घ्यावा लागेल.

शिवाय ती पाटी त्या घटकेपुरतीच बोलते. आमच्या बँकेच्या हॉलमध्ये सकाळी साडेअकराला किती माणसे आहेत, यावरून बँकेत खाती किती हे सांगता येईल काय? त्यातले चार जण तर मे महिन्यात नुसते पंख्याखाली बसायला आलेले असतात. खेळ उघडा ठेवून चहाला गेलेला पोरगाही पाटीवर तसाच चढतो. आणि हॉल रिकामा दिसला म्हणजे व्यवहार मेला, असेही नाही. २०१६ साली यूपीआय आले तेव्हापासून आमच्या काउंटरवरची गर्दी पातळ होत गेली. माझ्या खिडकीवरून पाहिले असते तर वाटले असते की, लोकांनी पैशांचा नादच सोडला. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२३मध्ये यूपीआयने महिन्याला एक हजार कोटी व्यवहारांचा आकडा ओलांडला. लोक होते तिथेच होते, खिडकी तेवढी खिशात गेली होती.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. त्याने अर्थातच शेवटपर्यंत ऐकले नाही. बारावीच्या मुलाला तेवढी सवलत असते. पण परवा सहज कळले की, त्यांच्यातले दोघे जण संध्याकाळी सहा ते आठ जुन्याच खेळात त्या सातव्याबरोबर पुन्हा उतरू लागले आहेत. जगातल्या कुठल्याही पाटीवर हे दोन अंक चढलेले नाहीत. पण एका घरापुरता तो खेळ दोनशे टक्क्यांनी वाढला आहे, आणि ही टक्केवारी मी दोनदा तपासून पाहिली आहे.

खरे म्हणजे मोजणीतून सुटण्याचा अनुभव आम्हाला काही खेळांमुळे आलेला नाही. मराठी नाटकाला दिवस वाईट आले, असे दर चार-दोन वर्षांनी छापून येते. मोजणी झालेली असते ती मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांच्या खिडक्यांवर. इकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपून दिवाळी झाली की मंडई भरते, मांडव पडतात आणि होळीपर्यंत गावोगाव नाटके चालतात. वडसा हे त्या कंपन्यांचे माहेर. नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते, मध्ये कोणी घड्याळ पाहत नाही. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच कळले की, अशी एक खिडकी इकडेही आहे. आमच्या अर्जुनी-मोरगावकडच्या माणसाला ते कळायला पद्मश्रीची गरज नव्हती. तो लहानपणापासून आईच्या मांडीवर झोपून तीच नाटके पाहत आला आहे.

तेव्हा कोणी कसलाही आकडा तोंडावर फेकला तर घाबरून जाऊ नये. आधी विनयाने विचारावे, "साहेब, हा कुठल्या खिडकीचा?" उत्तर आले तर आकडा जरूर लिहून घ्यावा, फक्त त्याच्यापुढे खिडकीचा नंबरही लिहावा. आणि कोणाला अगदी शंकाच असेल, तर दिवाळीनंतर एखाद्या रात्री आमच्याकडे मांडवात येऊन माणसे मोजावीत. येताना शाल मात्र आणावी. मोजून होईपर्यंत पहाट होते, आणि तोवर मोजायला आलेला माणूसही मोजणी सोडून पुढच्या रांगेत बसलेला असतो.